स्पॅनिशमधील तत्सम व तद्भव

स्पॅनिश शिकणारा वर्षभरांत बाजारापुरतें बोलूं लागतो. पण वर्तमानपत्राचा अग्रलेख पुढें आला कीं त्याची गति खुंटते. मग तो कोशांतील शब्द घोकतो, आणि आठ दिवसांत विसरतो. वास्तविक मराठी माणसाला याची किल्ली घरींच सांपडावी. तो दूध पितो, पण पाटीवर 'दुग्धालय' लिहितो. स्पॅनिशांतहि तसेंच आहे. लॅटिनमधून झिजत आलेले शब्द लोकांच्या तोंडीं, तर पंडितांनीं लॅटिनमधून पुन्हां उचललेले ग्रंथांत. दूध म्हणजे 'लेचे', पण दुग्धविषयक तें 'लाक्तेओ'. रात्र 'नोचे', पण रात्रीचें तें 'नोक्तुर्नो'. लॅटिनचा 'क्त' बोलतां बोलतां 'च' झाला. एवढें ध्यानांत ठेवलें म्हणजे 'पेक्तोराल' दिसतांच छातीचा 'पेच्यो' आठवतो, व कोश मिटलेलाच राहतो. म्हणून वहींत शब्द एकटा टिपूं नये, जोडीनें टिपावा.

इंग्रजीच्या आधारानें अर्थ ताडणें मात्र जपून करावें. 'एंबाराथादा' म्हणजे ओशाळलेली, असें समजून भर बैठकींत तो शब्द स्वतःस लावणारी विद्यार्थिनी आपण गर्भवती असल्याचें सांगून बसते!