रंगभूमीचा पडद्याआडचा कान

नाट्यगृहांत तिसरी घंटा झाली म्हणजे प्रेक्षकांचें लक्ष पडद्याकडे लागतें. परंतु त्याच घंटेला पडद्यामागें कित्येक माणसें आपापल्या जागीं सावध होतात. एकाचा हात पडद्याच्या दोरीवर असतो. दुसरा संहिता घेऊन विंगेच्या काठाशीं उभा राहतो. तिसरा रंगपटांत कोणाच्या तरी शेल्याची शेवटची गांठ बांधीत असतो. आणि वादक पात्राच्या श्वासाकडे कान लावून बसलेले असतात. या मंडळींचें काम जितकें उत्तम, तितकें तें प्रेक्षकांच्या ध्यानांत कमी येतें. पडदा अडला, शब्द अडखळला किंवा सूर ढळला, म्हणजेच त्यांची आठवण होते. संगीत नाटकाच्या या अदृश्य सेवकवर्गांत पुढें आणखी एकाची भर पडली, ती ध्वनिमुद्रण करणाराची. त्याचें काम यंत्राचें असें वरवर वाटतें. वस्तुतः तें कानाचें आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘संगीत शाकुंतल’ पुण्यास रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून मराठी नाटक आणि गाणें यांचा संसार एकत्र चालला. बालगंधर्वांच्या काळांत साथीला असाधारण प्रतिष्ठा लाभली. गंधर्व नाटक मंडळींत सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा यांच्यासारखे वादक होते. त्यांच्या जोडीला पायपेटी, म्हणजे ऑर्गन असे. पायांनीं भाता चालवून पितळी पत्त्यांतून निघणारा तिचा स्वर हवा तितका वेळ अखंड राहतो. परंतु एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर मींडेनें जाणें तिला साधत नाहीं. ती उणीव सारंगी भरून काढी.

या वादकांना केवळ पद येऊन भागत नसे. पदाच्या आधींचें वाक्य कोठें संपतें, नट कोणत्या शब्दावर श्वास घेतो, हें त्यांना तोंडपाठ असावें लागे. वाक्याच्या शेवटच्या शब्दाखालीं सूर इतक्या हळूच मिळावा, कीं बोलणें कोठें थांबलें आणि गाणें कोठें सुरू झालें, तो सांधा श्रोत्याला कळूं नये. ‘वन्स मोअर’चा गजर झाला, तर गायकाच्या नुसत्या कटाक्षानें पुन्हा समेवर यावें लागे.

आतां या गाण्याच्या मुद्रणाकडे वळावें. हिंदुस्थानांत व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरांत फ्रेड गायसबर्ग यांनीं कलकत्त्यास सुरू केलें. त्या वेळीं विजेचा ध्वनिग्राहक नव्हता. गायकानें कर्ण्याच्या तोंडाशीं गावें, त्याच्या आवाजाच्या धक्क्यानें दुसऱ्या टोकाचा पातळ पडदा कांपावा, आणि त्याला जोडलेल्या सुईनें मेणाच्या फिरत्या तबकडीवर रेघ कोरावी, एवढीच ती युक्ती. १० इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारें ३ मिनिटांचें गाणें मावे. रंगभूमीवर आलापांनीं, तानांनीं आणि श्रोत्यांच्या आग्रहानें लांबत जाणारें पद तेथें आंखडून घ्यावें लागे. तबकडीनें पदें घरोघर पोंचविलीं, हा तिचा उपकार लहान नव्हे. परंतु तिनें राखलें तें पद, प्रयोग नव्हे.

हा भेद किती महागांत पडतो, याचें उदाहरण १९२१ सालचें आहे. त्या वर्षीं ८ जुलै रोजीं मुंबईंत टिळक स्वराज्य फंडासाठीं खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगमंचावर उभे राहिले: बालगंधर्व भामिनीच्या आणि केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेंत. पुढें तीन महिने होण्यापूर्वींच, ४ ऑक्टोबर रोजीं, केशवराव वारले. त्यांचें वय अवघें ३१ वर्षांचें होतें. विजेच्या साहाय्यानें मुद्रण १९२५ मध्यें प्रचारांत आलें. म्हणजे तो प्रयोग जसा झाला तसा राखून ठेवण्याचें साधनच त्या दिवशीं नव्हतें. कोल्हापुरांतील केशवरावांच्या नांवाचें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. इमारत नकाशावरून पुन्हा उभारतां येते. संयुक्त ‘मानापमाना’ंतील एकही स्वर कोणत्याही नकाशावरून उभारतां येत नाहीं.

संपूर्ण प्रयोग टिपण्याची सोय चुंबकीय फितीनें केली. अशा फितीचें यंत्र १९३५ मध्यें बर्लिनच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आलें आणि महायुद्धानंतर त्याचा सर्वत्र प्रसार झाला. तरीहि अडचण संपली नाहीं. १,२०० फुटांचें रीळ सेकंदास साडेसात इंच या वेगानें ३२ मिनिटें पुरतें, आणि संगीत नाटक तर कित्येक तास चालतें. जवळ एकच यंत्र असलें तर रीळ बदलतांना कांहीं क्षण गमावलेच पाहिजेत. कोणते क्षण गमवावे, हा प्रश्न यंत्र सोडवीत नाहीं. ज्याला नाटक पाठ आहे तो प्रवेश बदलण्याची वेळ साधून, रीळ थोडें शिल्लक असतांनाच, तें उतरवितो; ज्याला पाठ नाहीं त्याची फीत ऐन तानेंत संपते. संहिता हातांत घेऊन विंगेंत उभा राहणारा आणि रिळावर डोळा ठेवणारा, हे दोघे अशा रीतीनें एकाच धंद्याचे ठरतात.

ध्वनिग्राहक कोठें ठेवावा, हा दुसरा विवेक. रंगमंचाच्या कडेला जमिनीवर ठेवला, तर गायिकेच्या स्वराआधीं तिच्या पावलांचा धपधपाट ऐकूं येतो. पायपेटीजवळ ठेवला, तर भात्याचा श्वास आणि पायट्यांची खडखड त्यांत शिरते. दूर ठेवावा, तर सभागृहाचा घुमारा शब्द गिळून टाकतो. दोन ग्राहक ठेवले, तरी नवा पेंच उभा राहतो. ध्वनि सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. म्हणून १७ मीटर मागें असलेल्या ग्राहकाला तोच स्वर एक विसांश सेकंद उशिरां मिळतो. हिशेब न करतां दोन्ही एकत्र केले, तर स्वराची कडा पुसट होते. आज संगणकामुळें रीळ बदलण्याची यातायात उरलेली नाहीं. हा विवेक मात्र जसाच्या तसा उरला आहे. प्रेक्षागृहांतील टाळी, खोकला, ‘वाहवा’ हीं सर्व गाळून टाकण्याचा मोह आवरावा, हेंहि त्यांतच आलें. कारण गायकानें ती जागा पुन्हा कां घेतली, याचें उत्तर त्या ‘वाहवा’ंतच असतें.

मुद्रण झालें म्हणजे काम संपलें, असेंहि नाहीं. दमट हवेंत फितीला बुरशी येते. कांहीं फितींवरील लेपाचें बंधन चिकट होऊन लेप सुटूं लागतो. आणि ज्या यंत्रावर त्या वाजवावयाच्या, तीं यंत्रेंच दुर्मिळ होत चाललीं आहेत. एखाद्या घरच्या कपाटांत, आजोबांच्या हौशीची खूण म्हणून, नाटकाचें रीळ पडलेलें असेल, तर तें जाणत्या हातीं देऊन त्याची संगणकीय प्रत करून घेण्यास उशीर लावूं नये. जुनें रीळ कुतूहलापोटीं घाईनें लावून पाहणें धोक्याचें असतें. तसेंच खोक्यावर प्रयोगाची तारीख, गांव, गायकनटांचीं नांवें आणि त्यांच्या बरोबरीनें साथीदारांचीं नांवेंहि लिहून ठेवावीं. आरंभींच्या तबकड्यांत गाणें संपतांच गायक स्वतःचें नांव उच्चारीत, तें तबकडी छापणारास ओळख पटावी म्हणून. सारंगियाला आणि तबलजीला ती संधि क्वचितच मिळाली.

पडदा ओढणाराचें, सूर धरणाराचें आणि ध्वनि टिपणाराचें काम प्रयोगाबरोबर मावळतें, असा समज आहे. चांगल्या मुद्रणांत तें मावळत नाहीं. वाक्य संपून पद सुरू होण्यापूर्वींच्या त्या अर्ध्या क्षणांत पायपेटीचा मंद सूर ऐकूं येतो, आणि न दिसलेला माणूस तेथें हजर असतो.