सैनिकाचा हक्क आणि विधी महाविद्यालयाचे दार



लोणी भापकर येथील या सभेत मी ज्या घरांतील कोणी पलटणीत चाकरी केली आहे, त्या घरांशी बोलणार आहे. आपल्या समाजाला सैन्याची दारे बंद झाली, तेव्हा ती पुन्हा उघडावीत म्हणून पुण्याच्या शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांकडे लेखी अर्ज केला. पुढे १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. यातून एकच बोध घ्यावयाचा. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. लेखी अर्जाची दखल घ्यावी लागते.

आज सैनिकाचे गाऱ्हाणे निराळे आहे. विधवेचे नाव सेवेच्या कागदांत एक आणि आधारपत्रावर दुसरे असते, म्हणून कुटुंबनिवृत्तिवेतन अडते. चाकरीत आलेल्या अपंगत्वाचे वेतन नाकारले जाते. पत्र इंग्रजीत येते, ते वाचणारा घरी नसतो आणि वकिलाच्या फीच्या भीतीने ते पेटीत पडून राहते.

या भीतीस कारण नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ याचे कलम १२ पाहा. त्यात ‘माजी सैनिक’ हा शब्द नाही. परंतु अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री आणि अपंग व्यक्ती यांना मोफत विधी साहाय्याचा हक्क दिला आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही. म्हणजे सैनिकाच्या विधवेला दुसरे कोणतेही कारण सांगावे लागत नाही.

“आम्ही बौद्ध झालो, आता अनुसूचित जातीचा हक्क कोठला?” असे कोणी विचारील. १९५६ नंतर केंद्राच्या यादीत ही अडचण खरोखरच होती. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांनाही त्या यादीत स्थान मिळाले. मूळ जातीचा उल्लेख असलेला दाखला मात्र जवळ ठेवा.

आता विधी महाविद्यालयांकडे वळू. त्याच कायद्याच्या कलम ४ अन्वये महाविद्यालयांतून विधी सेवा केंद्रे चालविण्यास उत्तेजन देणे हे राष्ट्रीय प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक विधी महाविद्यालयाने ज्येष्ठ अध्यापकाच्या देखरेखीखाली असे केंद्र चालविले पाहिजे. विद्यार्थी वकील म्हणून न्यायालयात उभा राहू शकत नाही. पण तो आपले कागद वाचील, त्यांचा अर्थ मराठीत सांगेल, अर्जाचा मसुदा करील आणि माहितीच्या अधिकाराखाली कागद मागवील. खटला चालविण्याची वेळ आली, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे वकील मागावा. २६ जुलै २०२५ रोजी राष्ट्रीय प्राधिकरणाने सैनिक कुटुंबांसाठी ‘वीर परिवार सहायता योजना’ आरंभिली असून, सैनिक मंडळांच्या कार्यालयांतही अशी केंद्रे असावीत हा तिचा हेतू आहे.

जाताना डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, आलेली सर्व पत्रे, विवाहाची नोंद आणि जातीचा दाखला न्यावा. मूळ कागद कोणाच्या हाती सोडू नयेत. प्रती द्याव्यात आणि पोच घ्यावी. वाट ठाऊक नसल्यास १५१०० या क्रमांकावर विचारावे, अथवा बारामतीच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे जावे.

विलंब मात्र करू नका. सैनिकांच्या सेवाविषयक तंट्यांसाठी २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झाले असून त्याचे एक पीठ मुंबईस आहे. तेथे अंतिम आदेशानंतर सहा महिन्यांत जावे लागते. निवृत्तिवेतनाचा दावा उशिरा केला तरी तो ऐकला जाऊ शकतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेमसिंग निर्णयानुसार थकबाकी सामान्यतः मागील तीन वर्षांचीच मिळते. त्यापूर्वीचा पैसा बुडाला असेच समजा.

हे साहाय्य म्हणजे उपकार नव्हे; ते मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही. आज घरी गेल्यावर ती पेटी उघडा, पत्रे तारखेप्रमाणे लावा आणि या पंधरवड्यातच पहिला अर्ज लिहवून घ्या. शेजारी एखादी वीरपत्नी एकटी राहत असेल, तर तिलाही बरोबर घेऊन जा.

जय भीम!