गर्भाशयातील गाठी : पोट उघडून की दुर्बिणीतून?

(वार्षिक संमेलनातील भाषण)



महिला मंडळाच्या चिटणीसबाईंनी हा विषय मजकडे सोपविला, तेव्हा मंडळींत थोडी कुजबुज झाली. मी वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला निवृत्त शाळामास्तर आहे. परंतु ज्या विषयाची वाच्यता पुरुष करीत नाहीत, त्याचा निर्णय मात्र घरोघर पुरुषच देतात. म्हणून हे धाडस.

गर्भाशयाच्या स्नायूंत वाढणाऱ्या या गाठींना डॉक्टर फायब्रॉईड म्हणतात. त्या क्वचितच कर्करोगाच्या निघतात. कित्येकींना त्यांचा त्रासही होत नाही, आणि पाळी गेल्यावर त्या बहुधा आकसतात. अशा गाठींना शस्त्र लावण्याचे कारण नाही. परंतु दरमहा अतिरक्तस्राव होऊन घरची लक्ष्मी पांढरीफटक पडते, जिना चढताना धापा टाकते, आणि आपण तिला टॉनिकची बाटली आणून देतो, हे बरे नव्हे.

"पिशवीच काढून टाका," हा सल्ला अलीकडे फार स्वस्त झाला आहे. इंग्लंडातील शस्त्रवैद्य व्हिक्टर बॉनी यांच्या पत्नीचे गर्भाशय याच गाठींपायी काढावे लागले. त्या दांपत्यास अपत्य झाले नाही. पुढे बॉनी यांनी गर्भाशय राखून केवळ गाठी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा मोठ्या हिरीरीने पुरस्कार केला. ती अर्थातच पोट उघडून होत असे. पोटातील दुर्बिणीचे तंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम यांनी पुढे नेले.

पोट उघडताना ओटीपोटावर बहुधा आडवा छेद घेतात. दवाखान्यात दोन-तीन दिवस आणि घरी चार ते सहा आठवडे विश्रांती लागते. दुर्बिणीच्या पद्धतीत पोट वायूने फुगवून तीन-चार लहान छिद्रांतून काम चालते. वेदना कमी, रक्तस्राव कमी, आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी येते. मग उघड्या शस्त्रक्रियेचे प्रयोजन काय? गाठी पुष्कळ असल्या किंवा फार मोठ्या असल्या, तर शस्त्रवैद्याचा हातच उपयोगी पडतो. स्नायूंत दडलेली लहान गाठ डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते. शिवाय दुर्बिणीतून गर्भाशय थरांथरांनी शिवणे हे सरावलेल्या हाताचे काम आहे. (गाठ गर्भाशयाच्या पोकळीत असेल तर ती पुष्कळदा योनिमार्गानेच काढता येते, पोटावर छेदच नको, हेही विचारून घ्यावे.)

आणखी एक गोष्ट. मोठी गाठ लहान छिद्रातून काढण्यासाठी तिचे यंत्राने तुकडे करतात. गाठीत क्वचित कर्करोग लपलेला असल्यास तो त्यामुळे पोटात पसरण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली तसा इशारा दिला. हे तुकडे बंद थैलीत करणार काय, हा प्रश्न डॉक्टरांना निःसंकोच विचारावा. चांगला डॉक्टर रागावत नाही.

आता ज्यासाठी मी उभा राहिलो ते सांगतो. बाहेरचे छिद्र लहान असले तरी गाठ ज्या जागेतून काढली, ती गर्भाशयावरील जखम दोन्ही पद्धतींत सारखीच असते. आमच्याच नात्यातील एका सूनबाईंना आठव्या दिवशी पाण्याचा हंडा उचलावा लागला, कारण सासूबाईंच्या मते, "टाके तर दिसतच नाहीत!" उघड्या शस्त्रक्रियेनंतर जी विश्रांती मुकाट्याने मिळते, ती दुर्बिणीनंतर मागून घ्यावी लागते. जड ओझे किती आठवडे उचलू नये, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद सासूबाईंना वाचून दाखवावा.

दवाखान्यातून मिळालेला शस्त्रक्रियेचा तपशीलही जपून ठेवावा. पुढे दिवस राहिल्यास जखम किती खोल होती, पोकळी उघडली होती काय, हे पाहूनच बाळंतपण नैसर्गिक की सिझेरियन ते डॉक्टर ठरवितात. कारण शिवलेली जागा कळांच्या वेळी क्वचित फाटते. तो कागद घरच्या दागिन्यांच्या डब्यात ठेवला तरी चालेल.