सावित्रीचा तक्ता

(महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



'वर्गातील अध्यापनासाठी मोफत ऑनलाइन साधने' हा विषय मला देण्यात आला आहे. या विषयावरची व्याख्याने बहुधा साधनांच्या नामावळीने सुरू होतात आणि नामावळी संपली की तीही संपतात. ती नामावळी आपणांस नवी नाही. गुगल डॉक्स, शीट्स, फॉर्म्स, क्लासरूम ही नावे २०२० च्या टाळेबंदीने खेडोपाडी पोहोचवली. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि जिल्ह्यातील कितीतरी गावे विजेवाचून अंधारात राहिली. घरात दिवा नाही, भ्रमणध्वनीला 'रेंज' नाही, आणि शिक्षण मात्र 'ऑनलाइन'! हा अनुभव गाठीशी असलेल्या आपल्यासारख्या शिक्षकांपुढे तंत्रज्ञानाचे भाबडे गुणगान करण्याचे धाडस मी करणार नाही. मला एकच प्रश्न विचारायचा आहे. हे कोरे तक्ते आपल्या हाती फुकट आले आहेत. त्यांत आपण भरणार काय?

आज जे भरले जाते ते पाहून मन फारसे प्रसन्न होत नाही. बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी कागदाऐवजी फॉर्मवर घेतली जाते आणि गुण आपोआप मोजले जातात. शिक्षकाचा वेळ वाचतो, हे मान्य. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्यांना वाचलेल्या अर्ध्या तासाचे मोल मी सांगावे असे नाही. परंतु विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर बदल काय झाला? कालपर्यंत तो कागदावर खूण करीत होता, आज काचेवर करतो.

वास्तविक या दोन तालुक्यांतील मुलांजवळ असे एक ज्ञान आहे, जे पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित वर्गातल्या मुलाजवळ नाही. ते म्हणजे पावसाचे. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते, महाडजवळ तिला काळ आणि गांधारी मिळतात आणि पुढे बाणकोटला ती समुद्राला भेटते. घाटावर कोसळलेला पाऊस आणि खाडीतून चढलेली भरती यांची गाठ महाडपाशी पडली की बाजारपेठेत पाणी शिरते, हे येथल्या शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ठाऊक आहे, पण आकड्यांत मांडलेले नाही.

जुलै २०२१ आठवा. २२ तारखेच्या सकाळपासून २३ च्या सकाळपर्यंत, चोवीस तासांत, महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. महाड पाण्याखाली गेले. त्याच २२ तारखेला तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. त्याआधी जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन या गावांनी हेच भोगले होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटीच्या दोन गाड्यांसह वाहून गेला. ही सूची सांगताना आवाज जड होतो. आपल्यापैकी काहींच्या वर्गांतील बाकेही त्या वेळी रिकामी झाली असतील.

आता वर्गात फळ्यावर एक साधा हिशोब मांडा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक चौरस किलोमीटरवर तोच एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख लिटर. मग ५९४ मिलिमीटर म्हणजे? एकोणसाठ कोटी चाळीस लाख लिटर, आणि तेही डोंगराच्या केवळ एका चौरस किलोमीटरवर! सातवीच्या मुलाने हा गुणाकार स्वतः केला की त्याला पूर कळू लागतो. गणित, भूगोल आणि त्याचे स्वतःचे घर एका ओळीत येतात.

साधनांचा खरा उपयोग येथून पुढे सुरू होतो. उमरठ, कापडे, वरंध, बिरवाडी, नाते, पाचाड, दासगाव अशा गावांतील शाळांनी मिळून एकच सामायिक तक्ता उघडावा. पाऊस मोजण्यासाठी सरळ उभ्या भिंतीचे, सपाट तळाचे भांडे आणि एक फूटपट्टी पुरते. भांडे झाडापासून आणि पागोळ्यांपासून दूर ठेवावे. हवामान खात्याच्या प्रघाताप्रमाणे सकाळी साडेआठला पाण्याची उंची मोजून भांडे रिकामे करावे. शाळेने नोंद फॉर्ममध्ये भरली की ती आपोआप तक्त्यात आपल्या ओळीत जाऊन बसते, आणि दासगावच्या मुलाला आज उमरठला किती पडला हे त्याच सकाळी दिसते. शासनाची पर्जन्यमापके आहेतच. त्यांच्याशी आपल्याला स्पर्धा करायची नाही. पण एका डोंगराच्या अलीकडे आणि पलीकडे पाऊस किती वेगळा पडतो, हे ज्याने मोजले त्याला शिकवावे लागत नाही.

हा तक्ता म्हणजे पुराची पूर्वसूचना नव्हे, हे मात्र स्पष्ट बजावतो. मुलांच्या आकड्यांवर विसंबून कोणी घर सोडण्याचा किंवा न सोडण्याचा निर्णय घेऊ नये; तो अधिकार प्रशासनाचा आहे. शिवाय मुसळधार पावसात मोजमापासाठी मुलाला बाहेर पाठवायचे नाही. तक्ता शिकण्यासाठी आहे. मात्र दहा वर्षे तो चालला तर आजचा पाचवीतला मुलगा ग्रामपंचायतीत सदस्य होईल तेव्हा त्याच्या हाती गावाचा स्वतःचा पाऊस असेल.

भाषेविषयी दोन शब्द. रायगड याच महाड तालुक्यात आहे, आणि शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी सिद्ध केलेला राज्यव्यवहारकोश आपल्याला परिचित आहे. कारभारात रुळलेल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याची ती दृष्टी होती. म्हणून 'स्प्रेडशीट'साठी उद्या एखादा पंचाक्षरी शब्द घडवा असा माझा आग्रह नाही. मी मघापासून 'तक्ता' म्हणतो आहे, तोही मुळात फारसीच. पण तो मराठीत मुरला आहे. आग्रह आहे तो मजकुराचा. तक्त्याचे रकाने मराठीत असावेत, निरीक्षणे मराठीत असावीत. सरी, झड, भुरभुर हे भेद मुलाने आपल्या शब्दांत नोंदवावेत. इंग्रजीत ते लिहिणे त्यालाच काय, मलाही जड जाईल.

पूर्वी अडचण होती. एका संगणकावर टंकलेले मराठी दुसऱ्यावर उघडले की अक्षरांचा चुरा दिसे. युनिकोडने ती अडचण संपवली, आणि २०१७ पासून गुगलच्या साधनांत मराठी बोलूनही मजकूर उमटवता येतो. तरी मुलांना इनस्क्रिप्ट कळफलक शिकवा. एक उदाहरण देतो. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. सावित्री दऱ्यांतून निघून दर्याला मिळते. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणाऱ्या मुलाला हा भेद साधताना नाकी नऊ येतात. इनस्क्रिप्टमध्ये त्या 'ऱ'ला स्वतंत्र कळ आहे. पोलादपूरच्या मुलाला 'दऱ्या' लिहिता येऊ नये, हे कसे चालेल?

आता 'मोफत' या शब्दाकडे वळतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूची मालकी आपल्याकडे नसते. गुगलचा जॅमबोर्ड हा फळा अनेक शिक्षकांच्या आवडीचा होता. ३१ डिसेंबर २०२४ ला तो बंद झाला. शिक्षणसंस्थांना पूर्वी अमर्याद साठवण मिळत असे. २०२२ मध्ये तिलाही मर्यादा आली. यात कंपनीने कोणाची फसवणूक केली असे मी म्हणणार नाही. दुकान त्यांचे, फळ्या त्यांच्या. आपण आपली व्यवस्था करावी. दर महिनाअखेरीस तक्ता उतरवून शाळेच्या संगणकावर ठेवावा. लिब्रेऑफिस हे मुक्त साधन इंटरनेटविना चालते आणि त्यात तो उघडतो. आणि वर्षाअखेरीस छापील प्रत काढून शाळेच्या दप्तरी लावावी. २०२१ च्या पुरात कागदपत्रे भिजलेल्यांना केवळ कागदावर विसंबण्याचा धोका कळतो. केवळ दूरच्या यंत्रावर विसंबण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. दोन्ही ठिकाणी प्रत असावी, आणि कागद उंचावरच्या फळीवर असावा.

दुसरी बाब मुलांच्या माहितीची. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या तक्त्याचा दुवा डझनभर व्हॉट्सॲप गटांत फिरतो त्यात मुलांची नावे, आधार क्रमांक आणि आईचा दूरध्वनी क्रमांक कशासाठी हवा? पावसाला मुलाच्या नावाची गरज नाही. गावाचे नाव, दिनांक, मिलिमीटर, एवढेच रकाने ठेवा. खाते शाळेचे असावे. पाहण्याची मुभा सर्वांना आणि बदलण्याची मुभा शाळांच्या खात्यांनाच द्यावी. कोणी चुकून आकडा पुसला तर तक्त्याच्या जुन्या आवृत्त्या पाहता येतात, कोणत्या खात्यातून बदल झाला तेही कळते. हे मुलांना जरूर दाखवा. नोंद खोडता येते, पण खोडल्याची खूण राहते, ही गोष्ट त्या वयात कळलेली बरी.

आणि यंत्राला हात कोणी लावायचा? बहुतेक वर्गांत एकच भ्रमणध्वनी असतो, आणि तो चुणचुणीत मुलाच्या हाती जातो. मागच्या बाकावरची मुलगी वर्षभर फक्त बघते. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे पाणी ओंजळीत घेतले, ते कागदोपत्री आधीच सर्वांना खुले होते. हात मात्र लागू दिला जात नव्हता. या गावच्या शिक्षकांना मी अधिक सांगायला नको. पाळी लावा, पाळीचा कागद भिंतीवर चिकटवा, आणि रोजची नोंद पाळीप्रमाणेच झाली पाहिजे हे पाहा.

शेवटी दोन व्यावहारिक सूचना. पाऊस शाळेची वाट पाहत नाही. तो बहुधा शाळा उघडण्याआधीच सुरू होतो. तेव्हा भांडे आणि फूटपट्टी मे महिन्यातच वाडीवरच्या एखाद्या मोठ्या मुलाकडे सोपवावी. रविवारची मोजणीही अशीच करावी. आणि ज्या दिवशी मोजणी राहून गेली, त्या दिवशी रकान्यात शून्य लिहू देऊ नका. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. मोजला नाही हे सांगायचे असेल तर रकाना रिकामा सोडायचा. महिन्याची बेरीज रिकाम्या रकान्याने अपुरी राहील, तशी ती राहू द्या, आणि किती दिवस मोजले तो आकडा शेजारी लिहा.