पायांच्या शिरा आणि नव्या टोंचणीची कसोटी

मनुष्यप्राणी दोन पायांवर उभा राहूं लागला, तेव्हांपासून त्याच्या पायांतील रक्ताला हृदयाकडे परत जातांना सतत चढण चढावी लागत आहे. ह्या कामीं त्याला दोन साहाय्यक मिळाले आहेत. पहिले पोटरीचे स्नायू. चालतांना ते आकुंचन पावतात आणि रक्त वर ढकलतात. दुसरे शिरांच्या आंतील चिमुकले पडदे. वर गेलेलें रक्त ते पुनः खालीं येऊं देत नाहींत. हे पडदे निकामी झाले म्हणजे रक्त खालीं तुंबतें, शिरा ताणल्या जातात, आणि पायांवर निळसर, वेड्यावांकड्या गांठी उमटतात. ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणून ज्या विकाराचें नांव आतां घरोघरीं ऐकूं येतें, तो हाच. आरंभीं तो केवळ विद्रूपतेचा प्रश्न वाटतो. पुढें संध्याकाळीं पाय जड होतात, घोटे सुजतात, कातडी काळवंडते, आणि उपेक्षा झाल्यास घोट्याजवळ महिनोन्‌महिने न भरणारा व्रण पडतो.

ठाणें, कल्याण आणि डोंबिवली येथील कुटुंबांना हा विषय परका नाहीं. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली आगगाडी ठाण्यास पोंचली, आणि पुढील वर्षीं लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. त्याच मार्गावर आज असंख्य नोकरदार स्त्रीपुरुष रोज उभ्यानें प्रवास करितात. चौकांतील वाहतूक पोलीस, भिवंडीच्या यंत्रमागावरील कामगार, फळ्यासमोरील शिक्षिका, ओट्यापाशीं राबणारी गृहिणी, ह्या सर्वांचा दिवस पायांवरच जातो. उभें राहणें हें एकच कारण नव्हे; आनुवंशिकता, वाढतें वय, गरोदरपण आणि स्थूलता ह्यांचाही त्यांत वांटा असतो. परंतु ज्याची शीर एकदां बिघडली, त्याला उभें राहण्यावांचून गत्यंतर नसलें, तर दुखणें बळावतें. अशा मनुष्यास कोणीं सांगितलें कीं, “चाकू नाहीं, भूल नाहीं, एक सुई टोंचून घ्या आणि दुपारच्या गाडीनें घरीं जा,” तर त्याला मोह पडणें स्वाभाविक आहे. नव्या टोंचणीची कसोटी कडक असावयास हवी, ती ह्याच मोहापायीं.

योगायोग असा कीं, ज्या १८५३ सालीं ठाण्यास आगगाडी आली, त्याच सालीं फ्रान्समधील लिओं येथील वैद्य प्रावाझ ह्यानें रक्तवाहिनींत औषध सोडण्याची धातूची पिचकारी सिद्ध केली. लवकरच लोहाचा एक तीव्र क्षार फुगलेल्या शिरांत सोडण्यांत येऊं लागला. शिरा बंद होत, ही गोष्ट खरी; पण त्याबरोबर दाह, पू आणि रक्ताच्या गुठळ्या ह्यांचेंही संकट ओढवे. अखेर १८९४ सालीं लिओं येथेंच भरलेल्या वैद्यक परिषदेनें ही पद्धत त्याज्य ठरविली. ज्या नगरांत ही पिचकारी जन्मास आली, त्याच नगरांत तिच्या ह्या उपयोगाचा निषेध झाला.

ही कल्पना पुनः जागी झाली, ती अपघातानें. उपदंशावरील औषधें शिरेंतून देतांना ती शीरच कठीण होऊन बंद पडते, असें विसाव्या शतकाच्या आरंभीं युरोपांतील वैद्यांच्या ध्यानांत आलें. हिंवतापावर क्विनीन टोंचणाऱ्या जेनेव्ह्रिये ह्या फ्रेंच वैद्यास तोच अनुभव आला, आणि १९२१ सालीं त्यानें क्विनीनचा उपयोग ह्या विकारावर सुचविला. १९३० च्या सुमारास कॉड माशाच्या यकृततेलापासून केलेलें सोडियम मॉरुएट आलें, १९४६ च्या सुमारास सोडियम टेट्राडेसिल सल्फेट आलें, आणि पुढें पॉलिडोकॅनॉल आलें, जें मुळांत बधिरता आणणारें औषध होतें.

ह्या सर्व औषधांचें कार्य सारखेंच आहे. शिरेचें आंतील नाजूक अस्तर तीं हेतुपुरस्सर दुखवितात. मग वरून घट्ट पट्टी बांधली म्हणजे शिरेच्या भिंती एकमेकींस चिकटतात, कालांतरानें शिरेची नुसती दोरी होते, आणि रक्त शेजारच्या निरोगी शिरांतून वाट काढितें. पट्टीचें हें महत्त्व डब्लिनचे फेगन ह्यांनीं १९६३ सालीं विशेषेंकरून प्रतिपादिलें. तरीही एक अडचण उरली होती: मोठ्या शिरेंत औषध रक्तांत मिसळून पातळ होई. इटलीच्या तेस्सारी ह्यांनीं २००० च्या सुमारास त्यावर सोपी युक्ति काढिली. दोन पिचकाऱ्या एका तोटीनें जोडून एक भाग औषध आणि चार भाग हवा घुसळली, म्हणजे दाट फेंस होतो. हा फेंस रक्ताला बाजूस सारून शिरेच्या भिंतीस भिडतो. परंतु त्याबरोबर नव्या काळज्याही आल्या. कांहीं रोग्यांस क्षणभर दृष्टि अंधुक होण्याचा त्रास झाला. क्वचित् खोल शिरेंत गुठळी झाली, आणि अत्यंत विरळ प्रसंगीं मेंदूवर आघात झाल्याचेंही नमूद आहे. औषध शिरेबाहेर सांडल्यास व्रण पडतो, आणि कातडीवर तपकिरी डाग राहणें तर नेहमींचेंच आहे.

मग नवी टोंचणी चांगली, हें ठरवावयाचें कसें? पंधरा दिवसांत शीर दिसेनाशी झाली, एवढ्यावरून निर्णय देणें घाईचें होय. लंडनचे शस्त्रवैद्य हॉब्स ह्यांनीं रोग्यांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी वांटणी करून, कांहींना टोंचणी व कांहींना शस्त्रक्रिया दिली, आणि १९७४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. आरंभीं टोंचणीचे परिणाम उत्तम दिसले. पण वर्षें लोटलीं तसतसें, जेथें मांडीच्या मुख्य शिरेंतच दोष होता तेथें, शस्त्रक्रियेचें पारडें जड झालें.

पुढें ब्रिटनमधील अकरा रुग्णालयांत ७९८ रोग्यांवर फेंस, लेसर व शस्त्रक्रिया ह्यांची तुलना झाली. तिचे पहिले निष्कर्ष २०१४ सालीं आणि पांच वर्षांनंतरचे २०१९ सालीं प्रसिद्ध झाले. पांच वर्षांनीं रोग्यांनीं स्वतः सांगितलेली पायांची स्थिति लेसर व शस्त्रक्रिया ह्यांनंतर अधिक चांगली होती. ह्याच्या उलट, अमेरिकेंत २०१३ सालीं मान्यता पावलेल्या पॉलिडोकॅनॉलच्या तयार फेंसाची मुख्य परीक्षा आठव्या आठवड्यास घेण्यांत आली होती. तेथें कोणास खरें औषध मिळालें व कोणास निर्गुण द्रव, हें रोग्यांपासून लपविलेलें होतें, म्हणून ती परीक्षा भरंवशाची ठरली. पण औषधानें गुण येतो, हें सिद्ध होणें वेगळें, आणि तो गुण टिकतो, हें सिद्ध होणें वेगळें. पहिल्या प्रश्नास आठवडे पुरतात. दुसऱ्यास वर्षें लागतात.

अशा परीक्षेंत ज्याच्या पायावर औषध टोंचावयाचें, तो मनुष्य केवळ परीक्षेचें साधन नव्हे. भारतांत २०१९ च्या नव्या औषधांविषयींच्या नियमांनीं त्याचे हक्क स्पष्ट केले आहेत. परीक्षेस आधीं नीतिसमितीची संमति लागते. त्या समितींत निदान सात सदस्य असावे लागतात, आणि त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री व एक कायदेतज्ज्ञ असणें आवश्यक आहे. रोग्याची लेखी संमति त्याला समजेल अशा भाषेंत माहिती देऊन घ्यावी लागते. कारण न सांगतां केव्हांही बाहेर पडण्याची त्यास मोकळीक असते. परीक्षेमुळें इजा झाल्यास उपचार विनामूल्य आणि नुकसानभरपाई देणें बंधनकारक आहे. शिवाय प्रत्येक परीक्षेची नोंद २००७ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय नोंदवहींत करावी लागते. ही वही कोणाही नागरिकास घरबसल्या पाहतां येते.

कल्याणचा गिरणी-कामगार असो कीं ठाण्याची अध्यापिका, नवी टोंचणी पुढें आली म्हणजे कांहीं प्रश्न विचारणें हा उद्धटपणा नव्हे. ही टोंचणी मान्यता पावलेली आहे, कीं परीक्षेंत आहे? तिची तुलना कशाशीं झाली? रोग्यांची पाहणी किती वर्षें झाली? दोष मुख्य शिरेंत आहे कीं बारीक शिरांत, हें ध्वनिलहरींच्या तपासणीनें पाहिलें आहे काय? कांहीं बिघडल्यास रात्रीं कोणाकडे जावयाचें? प्रामाणिक वैद्य ह्या प्रश्नांचें स्वागतच करील. उत्तर टाळणाऱ्याची सुई कितीही बारीक असली, तरी तिच्यापासून दूर राहिलेलें बरें.

आज मिळणाऱ्या प्रत्येक बऱ्या औषधामागें अशा अनेक अनामिक स्त्रीपुरुषांचा वांटा आहे, ज्यांनीं आपला पाय परीक्षेसाठीं पुढें केला. त्यांचें ऋण मानावयाचें, तर पुढें येणाऱ्या प्रत्येकास पूर्ण माहिती मिळाली पाहिजे, आणि त्याच्या पायाची विचारपूस शीर दिसेनाशी झाल्यानंतरही वर्षानुवर्षें होत राहिली पाहिजे.