अक्षर कुठे बसते?

(वर्धापनदिनी झालेले भाषण)



आपल्या साक्षरता वर्गातल्या एका मावशींनी गेल्या वर्षी पाटी ठेवून दिली. "या वयात डोक्यात काही शिरत नाही," म्हणाल्या. मी त्यांना दर रविवारी सलग तीन तास बसवीत असे, आणि पुढल्या रविवारी सारे पुसलेले पाहून चिडतही असे. चूक त्यांच्या डोक्याची की माझ्या वर्गाची, हे मला एका गोगलगायीने शिकविले. हसू नका!

ही समुद्रातली गोगलगाय, नाव आप्लीशिया. न्यूयॉर्कच्या डॉ. एरिक कँडेल यांनी तिचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तिच्या अंगात मज्जापेशी अवघ्या वीस हजारांच्या आसपास, त्यांतल्या काही नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या मोठ्या.

दोन मज्जापेशी बहुधा एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही लहान. विजेचा संदेश टोकाशी पोचला की तिथून रसायन सुटते, फट ओलांडते आणि पलीकडची पेशी ते टिपून घेते. आपण शेजारणीला गॅलरीतून आमटीची वाटी देतो ना, तसेच. मौज अशी की ही वाटी नेहमी सारखीच भरलेली नसते.

गोगलगायीला हलकेच शिवले की ती कल्ले आत ओढते. पुन्हापुन्हा शिवूनही अपाय झाला नाही, तर स्पर्श कळविणारी पेशी रसायन कमी सोडू लागते. शेपटीला विजेचा झटका दिला, की तीच पेशी साध्या स्पर्शालाही वाटी भरभरून देते! एका झटक्याचा परिणाम लवकर ओसरतो. पण झटके काही दिवस देत राहिले, तर पेशी नवी प्रथिने बनविते आणि तिला नवी टोके फुटतात, जवळजवळ दुप्पट.

मला थांबविले ते १९७२ सालच्या प्रयोगाने. रोज दहा असे चार दिवस स्पर्श केले, तर गोगलगायीची सवय तीन आठवड्यांनीही टिकून होती. तेच चाळीस स्पर्श एका बैठकीत उरकले, तर तितकी टिकली नाही.

गोगलगायीवरून माणसाचे सारेच ताडता येत नाही, हे मान्य. पण थोडे थोडे, अंतराने शिकलेले अधिक टिकते, हे माणसांतही अनेकदा पडताळून पाहिले आहे. मी मात्र रविवारीच चाळीस उरकीत होते.

परवा मावशींकडे गेले, क्षमा मागितली आणि रोज वीस मिनिटे मागितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पोळ्या झाल्या की ये. पाटी माळ्यावर आहे, काढून ठेवते."