निजामाने काढलेला विद्यार्थी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे. बोलण्यात कमीजास्त झाल्यास सांभाळून घ्यावे. आज मी पी. व्ही. नरसिंह राव यांच्याविषयी दोन शब्द सांगणार आहे.

राव तेलंगणातले. जन्म १९२१ चा. त्या वेळी त्यांचा मुलूख आणि आपला जालना, दोन्ही निजामाच्या अमलाखाली होते. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठात 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून मुलांना काढून टाकले, त्यांत राव होते. नागपूरने त्यांना शिक्षणाला आसरा दिला. पुढे १९४७-४८ साली संस्थानाच्या हद्दीबाहेर, चांद्याला राहून त्यांनी निजामाविरुद्ध काम केले. घर आत आणि आपण बाहेर! १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, तेव्हा परतीची वाट मोकळी झाली.

ते १९७१ मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री झाले. १९८४ व १९८९ साली आपल्या रामटेकने त्यांना लोकसभेत पाठविले आणि १९९१ मध्ये ते पंतप्रधान झाले. मराठी त्यांना उत्तम येई. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही स्त्रीच्या दुःखाची कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. १९९२ साली अयोध्येतील मशीद पडली, त्याचा दोषही अनेकांनी त्यांना दिला. तेही सांगितले पाहिजे.

पण आपल्याशी संबंध आहे तो ७३ व्या घटनादुरुस्तीचा. १९८९ साली असाच प्रयत्न राज्यसभेत अडला होता. रावांच्या कारकिर्दीत तो तडीस गेला. २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. आपल्या राज्याने २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या.

अशाच एका जागेवर मी निवडून आले होते. खरे सांगते, पाच वर्षे मी फक्त सह्या केल्या. सभेला घरचे पुरुष जात, रजिस्टर मागाहून घरी येई. आमच्या आळीतल्या नळाची तक्रार बायका माझ्याच ओट्यावर बसून सांगत, पण सभेत ती कधी निघालीच नाही. मला कोणी हद्दीबाहेर काढले नव्हते. मीच गेले नाही.

भगिनींनो, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे आपल्या कायद्यात आहे. पुढच्या सभेला आपण साऱ्याजणी मिळून जाऊ. नळाचे मी बोलेन.